सूचीबाहेरचे वर्धा : तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक वगळलेले कपाट

१/ ग्रंथसूची म्हणजे निरुपद्रवी यादी, असा समज विद्यापीठांत रुजला आहे. तो घातक आहे. संशोधकाने काय वाचावे हे सूची सुचवते, आणि इतिहासात कोणाला जागा मिळणार हेही बव्हंशी तेथेच ठरते. वर्ध्याला वगळून भारतीय तंत्रज्ञानाच्या इतिहासाची सूची करता येत नाही, हे या धाग्याचे प्रतिपाद्य.

२/ सावंगी (मेघे) म्हटले की आज वैद्यकीय महाविद्यालय आठवते. तेथून काही किलोमीटरांवर, वर्धा शहरात, मगनवाडी आहे. ही जागा जमनालाल बजाज यांनी दिली. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी येथूनच चालवले. ३० डिसेंबर १९३८ रोजी येथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींनी केले.

३/ संघाने काय छापले? तेलघाणा, हातकागद, गूळ, साबण, मधमाशीपालन यांवरील पुस्तिका आणि ‘ग्रामउद्योग पत्रिका’. झवेरभाई पटेल घाण्यावर लिहीत होते, के. बी. जोशी कागदावर. जोशींनी पुढे १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभारली. सुधारलेल्या घाण्याला तर ‘वर्धा घाणी’ हेच नाव पडले. ज्या गावाचे नाव यंत्राला लागते, ते गाव यंत्राच्या इतिहासात नसावे?

४/ आता दुसरीकडे पाहू. अमेरिकेत १९५८ मध्ये तंत्रज्ञानाच्या इतिहासाची संस्था स्थापन झाली. दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, यूजीन फर्ग्युसन यांची या विषयावरील ग्रंथसूची निघाली. त्या विद्याशाखेचा पाया अशाच कामांनी घातला गेला. आधी सूची, मग शाखा, असा हा क्रम आहे. मराठीत शाखा नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी सूची कोठे आहे, ते विचारावे.

५/ येथे वर्गीकरणाचा प्रश्न उभा राहतो. घाण्याची लाट, उखळी आणि बैलाचे श्रम यांविषयीची पुस्तिका एकदा ‘गांधीविचार’ या कपाटात गेली, की ती तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाच्या हाती पडते. त्याला लाटेशी कर्तव्य नसते. तंत्रज्ञानाचा अभ्यासक त्या कपाटाकडे फिरकत नाही. पुस्तिका जागेवर असते, पण वाचक दोन्हीकडून नाहीसा होतो.

६/ इरफान हबीब यांनी १९६९ मध्ये मध्ययुगीन तंत्रज्ञानावर मांडणी करताना चरख्याच्या प्रसाराची चर्चा केली. तिचा एक महत्त्वाचा आधार होता १३५०च्या सुमारास दख्खनमध्ये लिहिलेला इसामीचा ‘फुतूह-उस-सलातीन’. चौदाव्या शतकातील चरखा निःसंशय ‘तंत्रज्ञान’ ठरला. मग विसाव्या शतकातील चरखा केवळ ‘राजकारण’ का ठरावा?

७/ १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा : आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० वार सूत, किंमत १५० रुपयांच्या आत, आयुष्य किमान २० वर्षे, वार्षिक दुरुस्ती किमतीच्या ५ टक्क्यांच्या आत, आणि एखाद्या स्त्रीला फारसे न थकता आठ तास चालवता यावा. हे प्रवचन वाटते की अभियांत्रिकीचा मसुदा?

८/ पहिला आक्षेप ठरलेला : गांधीजी यंत्रविरोधी होते. शिवणयंत्राला त्यांनी १९२४ मध्येच उपयुक्त शोध म्हणून मान्यता दिली होती. त्यांचा वाद यंत्राच्या मालकीशी आणि माणसाला बेकार करण्याच्या हव्यासाशी होता. तो मान्य करावा वा अमान्य. परंतु यंत्राविषयीचा वाद हा यंत्राच्या इतिहासाचाच भाग असतो.

९/ दुसरा आक्षेप : ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही, मग या अपयशाची नोंद कशाला? याच न्यायाने जगातील निम्मे प्रयोग पुसून टाकावे लागतील. प्रभुदास गांधींचा दोन चात्यांचा, पायाने चालणारा मगन चरखा आणि पुढे एकंबरनाथन यांचा अंबर चरखा हे याच शोधाचे टप्पे आहेत. फसलेल्या प्रयत्नांवाचून त्यांची संगती लागत नाही.

१०/ तिसरा गट अधिक उपद्रवी. प्राचीन भारतात सर्व यंत्रे होती, असे तो सांगतो आणि आधार मागितला की संतापतो. धरमपाल यांनी अठराव्या शतकातील भारतीय तंत्रज्ञानावरचा १९७१चा ग्रंथ ब्रिटिश कागदपत्रांतून उभा केला. सेवाग्राम येथेच २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या निष्कर्षांशी मतभेद जरूर असावेत. ते करता येतात, कारण आधार समोर ठेवलेले आहेत.

११/ सूचीकार्य मराठीला नवे नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची दोन खंडांत सिद्ध केली. त्या वाटेवर पुढचे पाऊल विषयवार सूचीचे आहे. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० मध्ये निघाली ती एका नांगराच्या कारखान्याची पत्रिका म्हणून. आज तिची आठवण निघते ती बहुतेक वाङ्मयेतिहासात. नागपूरच्या ‘उद्यम’ मासिकाला तर तेवढीही जागा क्वचितच मिळते.

१२/ वर्ध्याची सूची कशी असावी? प्रत्येक नोंद प्रत डोळ्यांनी पाहूनच करावी आणि ती प्रत कोठे आहे हे लिहावे. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी यांची एकत्र मांडणी करावी. एका पुस्तिकेला दोन विषय द्यावेत : घाणा ‘गांधीविचारा’तही दिसावा आणि ‘तेलगाळणी’तही. बक्षिसांच्या अटी, दरपत्रके आणि संग्रहालयातील अवजारे यांनाही नोंदक्रमांक मिळावा.

१३/ आणि सर्वांत अवघड अट. पुस्तिकेवर लेखकाचे नाव असते. ज्या तेल्याचा घाणा सुधारला त्याचे नसते. कागजीपुऱ्याचे कागजी, नालवाडीच्या चर्मालयात चामडे कमावणारे हात, चात्यापुढे बसलेल्या स्त्रिया यांचे ज्ञान छापील पानावर दुसऱ्याच्या नावाने येते. सूचीच्या टिपणात हे स्पष्ट लिहिले नाही, तर जातीने केलेली चोरी सूची पुन्हा एकदा कायम करील.

१४/ छापील पुस्तिका फार काळ वाट पाहत नाहीत. कागद पिवळा पडतो, कडा तुटतात, कपाट रिकामे करण्याचा हुकूम निघतो. रद्दीत काय गेले, हे सूची नसेल तर कोणालाच कळत नाही. आणि जे गेल्याचे कळत नाही, त्याचा जाब कोण मागणार? वर्ध्यातील महाविद्यालयांनी दरवर्षी एका विद्यार्थ्याकडून शंभर नोंदी करून घेतल्या, तरी दहा वर्षांत हजार होतील. कामाला एवढी सुरुवात पुरे.