भरपाईची मर्यादा आणि डोंगरातला रुग्ण

कोलकात्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सुमारे सहा कोटींची भरपाई दिली. २०१७ साली इंडियन मेडिकल असोसिएशनने भरपाईला कायद्याने मर्यादा मागितली. भोर-वेल्ह्याच्या रुग्णाला मर्यादा आधीच आहे: जवळजवळ शून्य!

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार २०२३ पासून निःशुल्क झाले, हे योग्यच. परंतु सर्वांना मोफत मिळणारी सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, हा १९९५ चा निर्णय. उरते दिवाणी न्यायालय. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली नसबंदीच्या वेळी पोटात टॉवेल राहून एक स्त्री दगावली. ३६,००० रुपयांच्या भरपाईवर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाले १९९६ साली. तेहतीस वर्षे!

आज नसबंदी फसली वा तीत मृत्यू झाला, तर शासन कोणाचाही दोष सिद्ध न करविता ठरावीक भरपाई देते. कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट गाठताना जे तत्त्व सुचले, ते बाळंतपणात वा सर्पदंशाच्या उपचारात हानी झालेल्यांना का नाही? सार्वजनिक निधी उभारा. दोषाची चौकशी स्वतंत्र चालू द्या. रकमेला मर्यादा हवीच असेल, तर प्रथम प्रतीक्षेला घाला. हीच मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी गावोगाव गेले पाहिजे.