जड तेलाचा प्रवाह : औषधाआधी निदान

नळातून वाहणारा द्रव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाणी उभे राहते. शालेय पुस्तकांतील बहुतेक उदाहरणेही पाण्याचीच असतात. त्यामुळे खनिज तेलाच्या वाहतुकीविषयी एक सोपी समजूत रूढ झाली आहे : विहीर खणावी, नळ टाकावा, पंप बसवावा, की तेल आपोआप शुद्धीकरण कारखान्यात जाऊन पोहोचते. हलक्या तेलापुरती ही समजूत फारशी चुकीची नाही. परंतु पृथ्वीच्या पोटात जे तेल उरले आहे, त्याचा फार मोठा भाग जड व चिकट आहे. असे तेल वाहते कसे करावे, हा प्रश्न निघताच उत्तरे तत्परतेने पुढे येतात. कोणी म्हणतो, तापवा. कोणी म्हणतो, पातळ करा. कोणी एखाद्या रसायनाचे नाव घेतो. आमच्या मते हे सारे उपाय आपापल्या जागी खरे असले, तरी त्यांतील सर्वोत्तम कोणता असे विचारणेच मुळात अयोग्य आहे. आधी तेलाचे निदान व्हावयास हवे. औषधाची निवड त्यानंतरची.

अडचण किती मोठी आहे याची कल्पना एका जुन्या नियमावरून येते. एकोणिसाव्या शतकात प्वाझई नावाच्या फ्रेंच वैद्याने, रक्त सूक्ष्म वाहिन्यांतून कसे वाहते हे समजून घेण्यासाठी, काचेच्या बारीक नळ्यांतून द्रव वाहवून पाहिले. त्याला असे आढळले की संथ वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो; आणि द्रव जितका दाट, म्हणजे त्याची श्यानता जितकी अधिक, तितका प्रवाह घटतो. आता एखादे तेल दुसऱ्याहून हजार पट दाट आहे असे समजा. तोच नळ वापरून तितकेच तेल न्यावयाचे तर दाब हजार पट लागेल. आणि इतका दाब सोसणारा नळ कोणी बनवीत नाही. दाब तोच ठेवावयाचा तर नळाचा व्यास साडेपाच पटींहून अधिक करावा लागेल, आणि मग पोलादाचा खर्च कोठल्या कोठे जातो. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील वाळूत सापडणारे डांबरासारखे तेल जमिनीतील मूळ थंड अवस्थेत पाण्याच्या लक्षावधी पट दाट असते. तेथे केवळ पंपाच्या बळावर विसंबून काहीच साधत नाही.

न वाहणाऱ्या तेलाच्या व्याधी दोन आहेत, आणि त्यांची गल्लत हीच बहुतेक चुकांची जननी होय. काही तेलांत मेण अधिक असते. अशी तेले उष्ण असता पाण्यासारखी पातळ असतात. परंतु तापमान एका मर्यादेखाली गेले की मेणाचे स्फटिक बाहेर पडतात, एकमेकांत गुंततात, आणि त्यांच्या जाळीत तेल अडकून नळातच थिजते. दुसऱ्या प्रकारच्या तेलांत मेणाचा दोष नसतो. राळेसारखी व डांबरासारखी मोठमोठ्या रेणूंची द्रव्ये त्यांत विपुल असतात, आणि त्यांच्यामुळे ते तेल मुळातच दाट असते. खऱ्या अर्थाने जड तेल म्हणतात ते हेच. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही काळी, दोन्ही चिकट. पण एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

मेणाच्या व्याधीवर आपल्याच देशात एक सुंदर उपचार झाला आहे. आसामातील नहरकटिया येथे १९५३ साली तेल सापडले. ते प्रथम १९६२ साली गुवाहाटीपर्यंत व १९६४ साली बिहारातील बरौनीपर्यंत नेण्यासाठी सुमारे १,१५७ किलोमीटर लांबीचा नळमार्ग बांधण्यात आला. हे तेल साधारण ३० अंश सेल्सिअसच्या पुढेमागे गोठते, आणि थंडीच्या दिवसांत त्या प्रदेशातील जमीन याहून पुष्कळ थंड असते. अभियंत्यांनी काय केले? त्यांनी मार्गभर शेगड्या मांडल्या नाहीत. तेल नळात सोडण्यापूर्वीच ते सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवले, म्हणजे सर्व मेण विरघळले. मग ते मुळीच न ढवळता, ठरावीक गतीने, सुमारे १८ अंशांपर्यंत निववले. अशा शिस्तीने निवताना मेणाचे स्फटिक असंख्य व बारीक न होता मोठे व सुटे होतात. मेण तेवढेच राहते; फक्त त्याची जाळी विणली जात नाही, आणि तेल थंड असूनही वाहते. तूप कढवून निववताना त्यात चांगला रवा धरावा म्हणून जपणाऱ्या गृहिणीला यात फारसे नवल वाटणार नाही. आमच्या दृष्टीने या उपचाराचे महत्त्व असे की तेथे तेलावर बळजबरी केली नाही. त्याचा स्वभाव ओळखून तो वळवला. पुढे हेच कार्य अल्प प्रमाणात मिसळावयाची, मेणाच्या स्फटिकांची वाढ बदलणारी रसायने करू लागली.

राजस्थानातील बाडमेर येथे मार्ग वेगळा निवडला गेला. तेथील मंगला क्षेत्राचा शोध २००४ साली लागला व उत्पादन २००९ साली सुरू झाले. हे तेलही मेणाचेच, पण नहरकटियाच्या तेलाहून अधिक उष्ण असतानाच थिजणारे. ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटर नेणारा नळ सर्व मार्गभर तापता ठेवला जातो. नळाला पोलादाची एक लहान नळी जोडलेली असते. तिच्यातील तारेतून उलटसुलट दिशांनी वाहणारी विद्युत् नळीच्या आतल्या पृष्ठभागावरून परतते, आणि त्या विरोधातून उत्पन्न झालेली उष्णता मुख्य नळाला मिळते. तेल ६५ अंशांच्या आसपास राहावे म्हणून वर फेसाळ प्लास्टिकचे वेष्टनही आहे. अभियांत्रिकी म्हणून हे काम थोर आहे, आणि त्या तेलाचा गुण पाहता आरंभी ते योग्यही होते. मात्र तापवणे हा उपाय कधी संपत नाही. तो रोज करावा लागतो. जमिनीत झिरपणारी उष्णता नळात तेल किती आहे हे विचारीत नाही. तेल भरपूर वाहते तेव्हा ती पुष्कळ पिंपांत विभागली जाते. क्षेत्र म्हातारे होऊन तेल घटले की प्रत्येक पिंपामागे उष्णतेचा भार वाढत जातो. मंगला व तिच्या शेजारच्या क्षेत्रांचे उत्पादन एके काळी दिवसाला दोन लक्ष पिंपांच्या आसपास पोहोचले होते; नंतर ते उतरत गेले. नळाची आखणी करतानाच या वार्धक्याचा हिशेब मांडला पाहिजे, असे आम्हास वाटते.

आता खरोखरीच्या जड तेलाकडे वळू. येथे स्फटिक वळवणारे रसायन फारसे उपयोगी नाही, कारण दोष स्फटिकांचा नव्हे. आणखी एका रसायनाचा बराच बोलबाला असतो. लांबलचक साखळीच्या बहुवारिकाचा अत्यल्प अंश द्रवात मिसळला की नळातील घर्षण कमी होते, हे टॉम्स या संशोधकाने १९४०–५० या दशकात दाखवून दिले, आणि १९७९ पासून अलास्काच्या महानळमार्गात त्याचा लाभ घेण्यात आला. पण हा चमत्कार भोवरे उठत असलेल्या खळबळत्या प्रवाहातच घडतो. ती साखळी भोवऱ्यांनाच आवर घालते. जड तेल पुष्कळदा थराथराने संथ सरकते. जेथे भोवरेच नाहीत, तेथे आवर घालावयाचा कोणाला? हे न पाहता रसायन विकत घेणे म्हणजे ताप नसलेल्या रोग्याला तापाची मात्रा देणे होय.

पातळ करण्याचा उपाय सर्वांत प्रचलित आहे. आल्बर्टातील डांबरी तेलात सुमारे तीन दशांश भाग हलके द्रव मिसळून ते नळात सोडतात. उपाय खात्रीचा आहे, पण उधारीचा आहे : हलका द्रव कोठून तरी आणावा लागतो, आणि नळाची बरीच जागा त्यालाच द्यावी लागते. शिवाय मिश्रण म्हणजे नवे तेल नव्हे, ही गोष्ट जुलै १९१० ला नव्हे, अगदी अलीकडे, जुलै २०१० मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्याला कळून आली. तेथे असा एक नळ फुटला; नियंत्रणकक्षात धोक्याचे इशारे होत असताही खरा प्रकार उघड होण्यास सतरा तासांहून अधिक काळ लागला, आणि मिश्रण कालामाझू नदीत शिरले. आरंभी ते तरंगत होते. मग हलका भाग उडून गेला, आणि उरलेले डांबर गाळाशी मिसळून नदीच्या तळाशी बसले. पृष्ठभागावरील तेल अडवण्याची नेहमीची साधने तेथे अपुरी पडली, आणि तळ उपसण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. नळाच्या सोयीसाठी घातलेली मात्रा नदीचा विचार करीत नाही. तो आखणाऱ्यांनीच करावयाचा असतो.

आमच्या मते सर्वांत कमी वाटेने पुढे गेलेला, तरीही सर्वांत विचारार्ह उपाय पाण्याचा आहे. घर्षण होते ते नळाच्या भिंतीशी. तर मग भिंतीशी पाण्याचा पातळ थर ठेवून मधून तेलाचा गाभा का सरकवू नये? ही कल्पना अमेरिकेत १९०४ सालीच एका एकस्वात नोंदली गेली. १९७० पासून कॅलिफोर्नियात सुमारे ३८ किलोमीटर लांबीचा, सहा इंची व्यासाचा असा नळ बारा वर्षे चालला. व्हेनेझुएलाने ओरिनोको खोऱ्यातील डांबरी तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात पसरून त्याचे पायस बनवले, सात भाग तेल व तीन भाग पाणी, आणि ते वीजकेंद्रांना इंधन म्हणून विकले. पुढे तो उद्योग बंद पडला. अडचणी खऱ्या आहेत : नळ थांबला की तेल भिंतीला चिकटते व पुन्हा हलवणे कठीण जाते; पाणी शेवटी वेगळे काढावे लागते. तथापि या अडचणी प्रयोगाने सुटण्याजोग्या आहेत.

भारताला लागणाऱ्या खनिज तेलाचा फार मोठा हिस्सा परदेशांतून येतो. अशा स्थितीत घरचे जड तेल जमिनीतच राहू देणे परवडणारे नाही. उत्तर गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात बलोल, संथाल व लनवा येथे असे तेल आहे. तेथे खडकात हवा सोडून तेलाचा काही भाग आतच जाळतात व त्या उष्णतेने उरलेले तेल विहिरीकडे ढकलतात. इतक्या कष्टाने वर आलेले तेल पुढील नळात पुन्हा अडून बसू नये, यासाठी आमची मागणी साधी आहे. प्रत्येक तेलक्षेत्रातील तेलाची श्यानता निरनिराळ्या तापमानांस किती, त्यात मेण किती व डांबरी द्रव्ये किती, थांबलेले तेल पुन्हा हलवण्यास दाब किती लागतो, याच्या सारण्या तयार व्हाव्यात आणि त्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून सर्वांस पाहावयास मिळाव्यात. विद्यार्थ्यांना पाण्याऐवजी बलोलच्या तेलाचे गणित घालता आले, तर नळ किती रुंद असावा, तो तापवावा की पाण्याने ओला ठेवावा, याचा वाद कंत्राट निघण्यापूर्वी वर्गातच सुरू होईल.