फिर्यादीलाही वकील हवा



उरण तालुक्यात दर जानेवारीला जासईच्या लढ्यातील हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला. पाच जण गेले. त्या रक्ताच्या मोलाने साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील जासईचेच, आणि शिक्षणाने वकील. आंदोलन त्यांना कळत होते आणि कायदाही.

आपल्या कापूस-ज्वारीच्या मुलखात गावोगाव दि. बा. कोठून आणायचे? येथे बांधावरून डोकी फुटतात, कापूस नेलेला व्यापारी पैसे बुडवून पळतो, विधवा भावजयीला मारून घराबाहेर काढले जाते. आरोपी पैसेवाला असेल तर मोठा वकील करतो. गरीब असेल तर न्यायालय त्याला सरकारी खर्चाने वकील देते. ते योग्यच आहे. पण ज्याचे डोके फुटले त्याचे काय? त्याला म्हणतात, सरकारी वकील आहे ना! अहो, तो सरकारचा वकील. त्याच्या टेबलावर खटल्यांचा ढीग; तुमचे दुःख ऐकायला त्याला सवड कोठली?

म्हणून आम्ही सांगतो, फिर्यादीनेही वकील मागावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. स्त्रिया, मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. आणि नीट ऐका, त्याच यादीत दुष्काळाने गांजलेल्याचेही नाव आहे! कोरडवाहू शेतकऱ्याचा उल्लेख कायद्याने केला, पण त्याच्या कानावर तो कोणी घातला नाही.

फिर्यादीचा वकील न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलाला साहाय्य करू शकतो. ही तरतूद २००९ पासून आहे. आरोपी सापडलाच नाही, तरी पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. महाराष्ट्राची भरपाई योजना २०१४ ची आहे.

करायचे एवढेच. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तेथे साधा अर्ज द्यावा. उत्पन्नाबद्दल प्रतिज्ञापत्र बहुधा पुरते. १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारता येते. पोलिसांनी फिर्यादीची प्रत फुकट द्यायची असते, ती मागून घ्यावी. फिर्याद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे, आणि पोच जपून ठेवावी. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले तर समितीकडेच तक्रार करावी.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण ऐकत आलो. गुन्हा सोसणाऱ्याने ती चढली नाही तर गुन्हेगार मोकळा फिरतो, एवढाच त्याचा अर्थ. या बैठकीतून परत जाताना प्रत्येक गावाने एक बाई आणि एक गडी निवडावा. रडत आलेल्या माणसाबरोबर त्यांनी तालुक्याला जावे. मोफत वकील ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तो आपला हक्क आहे, आणि हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, हे उरणने दाखवून दिले आहे.