आल्प्सची रेल्वे आणि हाताशी आलेली मुलं

स्वित्झर्लंडला जायचं ठरलं की आधी मुलांच्या जन्मतारखा बघा. आईवडिलांपैकी एकाकडे स्विस ट्रॅव्हल पास असला, तर सोबतच्या ६ ते १५ वर्षांच्या मुलांना फॅमिली कार्डावर रेल्वे, बस, बोट फुकट. सोळावं पूर्ण झालं की पास विकत. मोठ्यांपेक्षा स्वस्त, एवढंच. थोरलीचा सोळावा वाढदिवस ऑगस्टात असेल तर मे महिन्यातच जाऊन या.

ग्लेशियर एक्स्प्रेसचा मोह सगळ्यांनाच. झेरमाट ते सेंट मॉरिट्झ, २९१ पूल, ९१ बोगदे, सुमारे आठ तास. पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे. माझं विचाराल तर, आठ तास एका जागी बसवलेला पंधरा वर्षांचा मुलगा शेवटी मोबाईलच बघणार! त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात, आरक्षण लागत नाही, वाटेल तिथे उतरता येतं. वेळापत्रक मुलांच्याच हाती द्या. कुठे उतरायचं, कुठली गाडी धरायची, ते ठरवू देत. फिलिसूरजवळचा ६५ मीटर उंच लांडवासर पूल मात्र चुकवू नका. गाडी पुलावरून थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते.

जेवणाचं म्हणाल तर, फोंड्यू नुसत्या चीजचा दिसतो, पण त्यात पांढरी वाइन घालायची तिथली रीत आहे. विचारूनच मागवा. आणि जूनमध्ये गेलात तर मगरिबच साडेनवाच्या सुमारास होते, इशा त्याहून कितीतरी उशिरा. तेव्हा सकाळच्या पहिल्या गाडीचा हट्ट नको.