उरली ती षष्ठी

प्राचीन नाण्यांचा छंद धनिकांनींच करावा, असा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा समज असेल. सोन्यारुप्याच्या नाण्यांपुरता तो बराचसा खरा आहे. परंतु कांशाचें नाणें पेन्शनरासही परवडतें. आणि म्हणूनच आमच्या हातून जो प्रमाद घडला, तो येथें निवेदन करणें आम्हांस अवश्य वाटतें.

कांहीं वर्षांपूर्वीं एका लिलावांत आम्हीं सातवाहनांचें एक नाणें घेतलें. तांबें, कथील व शिसें यांच्या ज्या मिश्रणास पोटीन म्हणतात, त्याचें तें होतें. एका अंगास सोंड उचललेला हत्ती व त्याच्या कडेनें ब्राह्मी अक्षरें; दुसऱ्या अंगास चार टोकांना चार वर्तुळें असलेली फुली, म्हणजे उज्जयिनी-चिन्ह. हजार रुपयांपलीकडे जावयाचें नाहीं, असा घरून निश्चय करून निघालों होतों. शेजारच्या गृहस्थांशीं ईर्षा लागली, आणि हातोडा पडला तेव्हां बोली 1,800 वर गेली होती. वर अडत व कर निराळे!

नाण्यावर हिरवा थर होता. अक्षरें स्पष्ट दिसावींत म्हणून आम्हीं देवघरांतील तांब्यापळीप्रमाणें तें चिंच व मीठ लावून घासलें. नाणें लखलखलें, परंतु वाचावयास ‘सातकणिस’ एवढेंच राहिलें. मागील दोन अक्षरें थराबरोबरच गेलीं.

प्राकृतांतील हा अन्त्य ‘स’ म्हणजे संस्कृतांतील ‘स्य’, षष्ठीचा प्रत्यय. नाणें सातकर्णीचें, इतकें कळलें. कोणत्या सातकर्णीचें, हें कळेना. आणि सातकर्णि कांहीं एक नव्हता. 1939 सालीं वऱ्हाडांत तऱ्हाळा येथें पोटीन नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. म. म. वा. वि. मिराशी यांनीं तो वाचून प्रसिद्ध केला, तेव्हां पुराणांच्या वंशावळींत नसलेले कुंभ सातकर्णि व कर्ण सातकर्णि हे राजे उजेडांत आले. असल्या दोन-दोन अक्षरांवरच त्यांचें अस्तित्व टिकून होतें.

तेव्हां नवीन संग्राहकांस आमची विनंति अशी. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर हें नाण्याचें कवच होय. त्यास हात लावूं नये. फिकट हिरवी भुकटी सुटूं लागली तर मात्र तो रोग समजावा. दमट हवेंत तो धातु खात जातो. असें नाणें कोरडें व वेगळें ठेवून जाणत्यास दाखवावें. बोली करण्यापूर्वीं नाणें कोठें सांपडलें, हेंही अवश्य विचारावें. दहा रुपयांहून अधिक मोलाचें गुप्तधन सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविलें पाहिजे, असा 1878 चा कायदा आहे.

आमचें नाणें मेजावरच असतें. पाहुणे त्याच्या झळाळीची प्रशंसा करितात. आम्ही मुकाट्यानें भिंग पुढें करितों, आणि कोणी तरुण दृष्टीचा पाहुणा तीं दोन अक्षरें वाचील काय, म्हणून त्याच्या तोंडाकडे पाहात बसतों.