महिना-दोन महिन्यांचा आसरा

दत्तमहाराजांच्या तसबिरीला हार घालताना त्यांच्या पायाशी उभे असलेले चार श्वान आपल्याला दिसतात. तसबिरीपुरती ही भूतदया कोणालाच जड जात नाही. मात्र हौसेने आणलेले जर्मन शेफर्डचे वा रॉटवायलरचे पिलू वर्ष-दीड वर्षात 35-40 किलोंचे झाले, त्याचे खाणे व औषधपाणी परवडेनासे झाले, की त्याला मोटारीत घालून दूरच्या पठारावर सोडून येणारी माणसे आपल्याच समाजातली असतात. गावठी कुत्रा वाड्यावरच जन्मतो. कोणत्या दारी भात मिळतो हे त्याला ठाऊक असते. घरात वाढलेला हा अवाढव्य प्राणी रस्त्यावर आला म्हणजे उपाशी मरतो, वाहनाखाली सापडतो किंवा भीतीपोटी चावतो.

हौस तरी कशाची करावी! सेंट बर्नार्ड हा आल्प्स पर्वतात सुमारे अडीच हजार मीटर उंचीवरील घाटातल्या मठात, बर्फात वाढलेला कुत्रा. कुत्र्याचे अंग घामाने निवत नाही. तो धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो आणि आमच्या दमट हवेत तेही नीट साधत नाही. अशा जनावराला वैशाखात पत्र्याच्या छपराखाली साखळीने जखडणे, याला प्रतिष्ठा म्हणणाऱ्यांची आम्हांस कीव येते. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा गुन्हा ठरविला. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये. तेवढ्यात म्हापशाच्या बाजारात एखादा बरा नारळ यायचा.

अशा टाकलेल्या कुत्र्यांना उचलून आणणाऱ्या संस्था जखमा धुतात, लस टोचतात, निर्बीजीकरण करतात. परंतु पिंजऱ्यात, इतर कुत्र्यांच्या अखंड गलक्यात, एखाद्याचा खरा स्वभाव कळत नाही. तो कळायला घर लागते. कायमचा धनी मिळेपर्यंत महिना-दोन महिने अशा कुत्र्याला सांभाळणाऱ्या कुटुंबांची गोव्याला आज निकड आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे काम भावनेपेक्षा शिस्तीचे आहे. पहिले दहा-पंधरा दिवस नव्या कुत्र्याला घरच्या इतर जनावरांपासून वेगळे ठेवावे लागते. खंगलेल्या कुत्र्यापुढे कळवळून पातेलेभर अन्न ठेवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे. थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा द्यावे. खोल छातीच्या मोठ्या जातींत भरपेट खाल्ल्यावर पोट फुगून त्याला पीळ पडण्याचे भय असते, म्हणून जेवणानंतर धावपळ नको. गुळगुळीत लादीवर पाय घसरतात, तेथे गोणपाट अंथरावे. गोचिडीचा ताप तर आपल्याकडे नित्याचाच. हिरड्या पांढुरक्या दिसल्या की पशुवैद्य गाठावा. सुरुवातीला काही दिवस तो कोपरा सोडत नाही. मग कुकरची शिटी, दाराची घंटा, पोदेराचा सकाळचा भोंगा यांना हळूहळू सरावतो. 40 किलोंचे जनावर प्रेमाने जरी अंगावर झेपावले तरी घरातली आजी आडवी होते. तेव्हा चारही पाय जमिनीवर असतील तरच लाड, हा नियम घरातल्या सर्वांनी पाळायचा असतो. पट्ट्याला ओढ न देता चालणे, तोंडाला जाळी बांधून घेणे हे त्याला याच काळात शिकवायचे. खाताना कोणी जवळ आले तर तो गुरगुरतो काय, मांजर दिसल्यावर काय करतो, चवथीच्या फटाक्यांना किती भितो, हे सारे एका वहीत लिहून ठेवायचे. ती वही दत्तक घेणाऱ्याच्या हाती पडली पाहिजे. ‘लहान मुले असलेल्या घरी देऊ नये’ असे तीत लिहिण्याची पाळी आली, तर ते लिहावेच. कुत्रा लवकर जावा म्हणून त्याचे दोष झाकणारा मनुष्य प्राणिमित्र नव्हे, दलाल होय.

2024 च्या ऑगस्टमध्ये हणजूण येथे पाळीव पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा दगावला. त्या घरापुढे भूतदयेचे व्याख्यान झोडण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि अशा जातींवर बंदी घाला ही मागणी आम्ही समजू शकतो. केंद्र सरकारनेही मार्च 2024 मध्ये 23 जातींविरुद्ध परिपत्रक काढले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केले. पण बंदीने फार तर नवी पिले येणे थांबेल. आज दारादारांत बांधलेल्या कुत्र्यांचे काय? त्यांना कायदेशीर आणि सुरक्षित वाट ठेवली नाही, तर रात्री पठाराकडे जाणाऱ्या मोटारी तेवढ्या वाढतील.

मनात आणले तर हे राज्य काय करू शकते, ते रेबीजच्या बाबतीत दिसले. वाड्यावाड्यांवर फिरून कुत्र्यांना लस टोचण्याचे काम वर्षानुवर्षे नेटाने झाले, म्हणूनच 2021 मध्ये गोवा रेबीजनियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकला. तात्पुरते पालकत्व घेणाऱ्यांची पंचायतीत नोंद व्हावी, त्यांच्याकडील कुत्र्यांना सरकारी पशुचिकित्सालयात फुकट उपचार मिळावेत, एवढेच आमचे मागणे आहे. बाकीचे कुटुंबांनी करावे. नव्या घरी पाठवताना कुत्र्यासोबत त्याचे रोजचे अंथरूण द्यावे आणि दत्तक घेणाऱ्याकडून एक कबुली लेखी घ्यावी: जमले नाही, तर कुत्रा पठारावर न सोडता आमच्या दारी परत आणीन.