परक्या पाण्याचा पाहुणा

मार्गशीर्ष लागला कीं मालवणच्या किनाऱ्याचें रूप पालटतें. पावसाळ्यांत गढूळ झालेलें खाडीचें पाणी निवळतें, पहाटेच्या वेळीं अंगावर कांहीं ओढून घ्यावेसें वाटतें, आणि देवबागेस कर्ली नदीच्या मुखाशीं किंवा मसुऱ्याकडे कालावलच्या खाडीवर गरी टाकून स्वस्थ बसलेलीं माणसें दिसूं लागतात. गरी म्हणजे गळ. 'गरवणें' हें क्रियापद घांटावरच्या वाचकांस अपरिचित असलें तरी सिंधुदुर्गांत तें रोजच्या बोलण्यांतलें आहे. कोणाचा तो पोटाचा उद्योग, तर कोणाचा निव्वळ फुरसतीचा छंद. आमच्या वाचकवर्गांत मासे शिजणारीं सारस्वत घरें आहेत, तशीं मासा वर्ज्य मानणारीं कऱ्हाडे व चित्पावन घरेंही आहेत. परंतु पाण्याविषयीं आणि पाण्यांतील जिवांविषयीं कुतूहल दोहोंकडे सारखेंच असतें. म्हणून हा विषय या सदरांत घेण्यास संकोच वाटत नाहीं.

विलायतेंत थंडीच्या दिवसांत तळ्यांत मुद्दाम ट्राउट मासे सोडतात आणि पिसांच्या खोट्या माशीनें ते पकडण्याचा खेळ खेळतात, हें वाचून किंवा पाहून आपल्याकडील तरुण मंडळींच्या मनांत एक प्रश्न येणें स्वाभाविक आहे. आपल्या धामापूरच्या एवढ्या मोठ्या तळ्यांत असेंच कां करूं नये? प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर शोधूं लागलें कीं माशाहून कितीतरी मोठी गोष्ट हातीं लागते.

प्रथम हा खेळ काय आहे तें पाहूं. आपल्या गरीला शिशाचें वजन बांधतात आणि आमिष म्हणून गांडूळ किंवा सुंगट लावतात. ट्राउटच्या खेळांत गळाला वजन नसतें. वजन असतें तें दोरीलाच. बारीक गळावर पिसें, केस व रेशमी धागा गुंडाळून माशीची किंवा चिलटाची प्रतिकृति करितात. लवचिक काठीच्या झोक्यानें जाड दोरी हवेंत पुढें-मागें खेळवीत ती माशी पाण्यावर अलगद उतरवावयाची. मासा फसतो तो चवीला नव्हे, दिसण्याला. म्हणून कोणत्या ऋतूंत, कोणत्या वेळीं, पाण्यांत कोणता कीटक असतो याचें ज्ञान हेंच या खेळाचें खरें भांडवल होय.

इंग्लंडांतील मूळचा तपकिरी ट्राउट हिंवाळ्याच्या आरंभीं अंडीं घालतो. त्यामुळें त्या काळांत तो पकडण्यास बंदी असते. इंद्रधनुषी ट्राउट हा मूळचा अमेरिकेच्या पश्चिम भागांतला. इंग्लंडांत तो आपण होऊन क्वचितच वाढतो. म्हणून पैदासकेंद्रांत वाढवून त्यास बंदिस्त तळ्यांत सोडतात आणि थंडीभर त्याच्यावर खेळ चालतो. मासा शीतरक्ताचा असल्यामुळें पाणी गार झालें कीं त्याची भूकही मंदावते. पाणी चार अंशांवर सर्वांत जड असतें. म्हणून कडक थंडींत वरचें पाणी गोठूं लागलें तरी तळाचें त्या मानानें उबदार राहतें, आणि मासे तेथें उतरतात. अशा वेळीं माशी खोल सोडावी लागते, दोरी अगदीं सावकाश ओढावी लागते, आणि दुपारच्या घटका दोन घटकांच्या उन्हांतच कांहीं लाभ होतो. उतावळ्या माणसाचा हा छंद नव्हे.

आतां धामापूरचा विचार करूं. मालवण तालुक्यांतील हें तळें १५३० मध्यें नागेश देसाई यांनीं बांधविलें असें सांगतात. कांठावर भगवतीचें देऊळ, भोंवतीं गर्द झाडी आणि मातीच्या बांधानें अडविलेलें निळसर पाणी. आंतरराष्ट्रीय सिंचन संस्थेनें २०२० मध्यें जागतिक वारसा म्हणून या तळ्याचा गौरव केला. परंतु कितीही सुंदर असलें तरी तें ट्राउटचें घर होऊं शकत नाहीं. दहा ते अठरा अंशांचें पाणी त्या माशास मानवतें. पंचवीस अंशांच्या पुढें त्याच्या जिवावर बेततें. आमच्या किनाऱ्यावर पौषांतही दुपारीं हवेचा पारा तीस अंशांच्या आसपास असतो. शिवाय पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी राहतो. दहा अंशांच्या एक लिटर पाण्यांत सुमारें अकरा मिलिग्रॅम प्राणवायु विरघळतो, तर तीस अंशांच्या पाण्यांत जेमतेम साडेसात. खळखळत्या गार प्रवाहांत जन्मलेल्या जिवास असें पाणी म्हणजे वैशाखांतील बंद खोलीच.

हिंदुस्थानांत ट्राउट आला तोही म्हणून थंड डोंगरांवरच. 'हिंदुस्थानचे मासे' या विषयावरील ग्रंथामुळें प्रसिद्ध असलेल्या फ्रान्सिस डे यांनीं १८६० नंतरच्या दशकांत नीलगिरीवर तो आणण्याचा प्रयत्न केला, तो फसला. पुढें १९०० च्या सुमारास मिचेल नांवाच्या गृहस्थांच्या खटपटीनें काश्मीरांत आणि त्यानंतर कांहीं वर्षांनीं विल्सन यांच्या हातून नीलगिरीवर ट्राउट स्थिरावला. बर्फांत जपलेलीं अंडीं समुद्रापार आणून साहेबानें आपल्या मायदेशाचा खेळ येथें मांडला. घरच्या आठवणीनें व्याकुळ झालेल्या माणसाचें तें कृत्य समजण्यासारखें आहे. पण त्याच काळांतील दुसऱ्या एका साहेबाची नजर निराळी होती. दक्षिण कानडा जिल्ह्याचे कलेक्टर हेन्री सलिवन टॉमस यांनीं १८७३ मध्यें आमच्याच किनाऱ्यावरील मंगळुरास एक पुस्तक छापून काढलें, आणि विलायतच्या साल्मनसाठीं झुरण्याचें कारण नाहीं, हिंदुस्थानच्या नद्यांतील महसीर त्याच्याहून कमी नाहीं, असें प्रतिपादन केलें.

हा महसीर आपणां महाराष्ट्रीयांस परका नाहीं. सह्याद्रींतून उगम पावणाऱ्या नद्यांत त्याची जी जात आढळते तिला खडस किंवा खडशी म्हणतात. कर्नल साइक्स यांनीं दख्खनच्या माशांचें शास्त्रीय वर्णन १८३९ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांत पुण्याजवळच्या मुळामुठेंतील या माशास त्यांनीं लॅटिन नांव दिलें तें 'खुदरी', म्हणजे कोळ्यांच्या तोंडचेंच. 'कोळस' आणि 'मळ्या' हीं नांवेंही त्यांनीं तशींच उचललीं. जगांतील मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आज हे मराठी शब्द लॅटिनचा वेष घेऊन नांदत आहेत, ही गोष्ट आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक असेल? खडशीला देवाचा आश्रयही लाभला. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीच्या डोहांत वरदायिनीचे म्हणून हे मासे कोणी मारीत नाहीं. यात्रेकरू कुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे निर्भयपणें वर येतात. जेथें कायदा पोंचला नव्हता तेथें श्रद्धेनें राखण केली.

सर्वत्र मात्र असें भाग्य नव्हतें. नद्यांवर बांध पडले, अंडीं घालण्यासाठीं वर चढणाऱ्या माशांच्या वाटा अडल्या, कोठें सुरुंगाची दारू उडवून डोहच्या डोह मारण्यांत आले. अशा वेळीं पुढें आले ते डॉ. सी. व्ही. कुलकर्णी. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचें संचालकपद त्यांनीं भूषविलें होतें. १९७० मध्यें लोणावळ्यास, टाटांच्या विद्युत् कंपनीच्या तळ्यांतील खडशीचीं अंडीं कृत्रिम रीतीनें फळवून पिलें काढण्यांत त्यांना यश आलें. पक्व मादीचें पोट हलक्या हातानें दाबून अंडीं परातींत घ्यावयाचीं, नराचें वीर्य त्यांवर सोडावयाचें, हळुवार कालवावयाचें आणि वाहत्या पाण्यांत ठेवावयाचें. ट्राउटचीं अंडीं गार पाण्यांत उमलण्यास महिना लागतो. खडशीचीं तीन-चार दिवसांत उमलतात. पुढें कुलकर्णी व त्यांचे सहकारी ओगले यांनीं आणखी एक युक्ति सिद्ध केली. फळलेलीं अंडीं पाण्याच्या डब्यांत न ठेवतां ओल्या कापसांत गुंडाळून विमानानें दूर धाडतां येतात! वळवणच्या केंद्रांत पुढें वर्षानुवर्षें लक्षावधि पिलें निर्माण झालीं आणि अनेक जलाशयांत सोडण्यांत आलीं. एका मराठी शास्त्रज्ञाच्या चिकाटीचें हें फळ प्रत्येक घरीं मुलांना सांगण्यासारखें आहे.

कथा येथें संपली असती तर ती केवळ गौरवाची झाली असती. परंतु लोणावळ्याच्या वंशाचीं पिलें दक्षिणेस कावेरींतही सोडण्यांत आलीं. कावेरीचा स्वतःचा एक महसीर आहे. पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी झांक असलेल्या परांचा, जगांतील महसीरांत सर्वांत प्रचंड. १९४६ मध्यें कावेरीच्या खोऱ्यांत त्याचा १२० पौंडांचा नमुना गळाला लागला होता. हेतु शुद्ध होता: नदींत मासे कमी झाले आहेत, तर भर घालावी. पण खडशी त्या नदींत फोफावली आणि मूळचा धनी मागें हटत गेला. आश्चर्य असें कीं एवढ्या नामांकित माशास शास्त्रीय ओळख नीटशी नव्हती. 'टोर रेमादेवी' हीच ती जात, असें २०१८ मध्यें संशोधकांनीं निश्चित केलें आणि त्याच वर्षीं तिची गणना अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत झाली. जो पाहुणा म्हणून नेला तो सुखरूप, आणि यजमान मरणपंथास लागलेला!

येथें कोणासही दोष देऊन मोकळें होतां येणार नाहीं. कावेरीच्या माशास धरणें, वाळूउपसा आणि चोरटी शिकारही भोंवली. ज्यांनीं पिलें सोडलीं त्यांनीं त्या काळच्या समजुतीप्रमाणें पुण्यकर्मच केलें. परंतु त्यांतून जो धडा निघतो तो स्पष्ट आहे. पाण्यांत मासा सोडणें हें दान नव्हे. तें दत्तक देणें आहे. दत्तक देतांना आपण कुळ, घर, भावंडें सर्व पाहतों. तळ्याच्या बाबतींत तेवढीच चौकशी करावयास नको काय? ट्राउट आमच्या तळ्यांत मरेल, म्हणून तो प्रश्न सोपा आहे. जो मासा जगेल त्याच्याविषयीं अधिक सावध राहिलें पाहिजे.

हा धडा दूरच्या नद्यांपुरता नाहीं. तो आपल्या ओटीपर्यंत येतो. १९५२ मध्यें हिंदुस्थानांत आणलेला आफ्रिकेचा तिलापिया, म्हणजे बाजारांतील 'चिलापी', आज सर्वत्र तळ्यांत पसरला आहे. त्याची मादी अंडीं तोंडांत धरून संभाळते, त्यामुळें वंश झपाट्यानें वाढतो. दिवाणखान्यांतील कांचेच्या पेटींत शेवाळ खाण्यासाठीं ठेवलेला दक्षिण अमेरिकेचा 'सकर' मासा उजनीच्या धरणांत कोळ्यांच्या जाळ्यांत येऊं लागला आहे. तो तेथें उडत गेला नाहीं. पेटी नकोशी झाली, मासा मारवेना, म्हणून कोणीतरी दयेपोटीं तो पाण्यांत सोडला असला पाहिजे. मुलें परीक्षेनंतर आजोळीं जातात, पेटींतील मासे सांभाळण्याचा कंटाळा येतो, आणि 'सोडा बिचाऱ्यांना तळ्यांत' असें आजी म्हणते. आजीचें मन कोमल आहे, पण ही दया तळ्यांतल्या मरळीवर व मळ्यावर निर्दय ठरते. असे मासे दुकानदारास परत करावे किंवा दुसऱ्या छंदिष्टास द्यावे. डांसांसाठीं हौदांत गप्पी मासे सोडले असतील तर तो हौद ओढ्यास मिळत नाहीं ना, हेंही पाहावें.

आणि गरवण्याची हौस असलेल्यांस दोन शब्द. मृगाचे पहिले पाऊस पडले कीं कोंकणांत चढणीचे मासे ओढ्यांतून, शेतांच्या बांधांवरून वर चढतात. गांवोगांवीं तो एक उत्सवच असतो. परंतु त्यांतील बहुतेक माद्या अंड्यांनीं भरलेल्या असतात, हें विसरूं नये. इंग्लंडांत ट्राउटला विणीच्या काळीं अभय आहे. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रास हात न लावण्याची रीत वडिलांनीं घालून दिली, तिचा एक अर्थ हाच नव्हे काय? ओढ्यालाही ती लावावी. थंडींत खाडीवर बसावें तेव्हां वजनापुरतें घ्यावें, लहान मासा लागल्यास ओल्या हातानें सोडवून परत द्यावा. कोरड्या हातानें त्याच्या अंगावरील बुळबुळीत आवरण निघतें आणि तो पुढें रोगानें मरतो. ट्राउटच्या खेळापासून उचलावयाचें तें एवढेंच: कीटक, ऋतु व पाणी यांची बारकाईनें ओळख. ती करून घेण्यास काठीही लागत नाहीं. शाकाहारी घरांतील मुलांनाही ती खुली आहे.

येत्या नाताळच्या सुटींत धामापुरास जाणें झाल्यास मुलांना घेऊन भगवतीच्या घाटावर घटकाभर बसावें, आणि या पाण्यांत काय सोडतां येईल असें न विचारतां, यांत आधींपासून कोण राहतें, असें त्यांना विचारावें. त्यांना ठाऊक नसेल तर तळ्याकांठच्या एखाद्या वृद्धास विचारावें. तो एकेक नांव सांगेल. तीं नांवें वहींत लिहून ठेवावींत. साइक्ससाहेबानें पुण्यास तेंच केलें होतें.